चाळिसाव्या दिवसाचं पाणी

"तुमच्यात तर चालतंच की रे."

दारू सोडू पाहणाऱ्या माणसांच्या बैठकीत पहिल्याच दिवशी हे वाक्य माझ्या वाट्याला आलं. जालन्यात मस्तगडला एका कापडदुकानाच्या माडीवर ती बैठक भरायची. दर रविवारी, दुपारी चार वाजता. सतरंजी अंथरलेली, भिंतीला टेकून दहा-बारा माणसं बसलेली. मी दाराजवळ बसलो होतो, चपला काढतात तिथं. तिथं बस असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच बसलो. सवय.

रीत अशी की माणसानं उठायचं आणि आपली दारू सांगायची. कशी लागली, कुठवर नेलं तिनं, काय काय गेलं. बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. माझ्या आधी एक पाटील उठले. भोकरदनकडच्या एका गावचे, मोठे जमीनवाले. सांगता सांगता रडले. "घराण्याचं नाव बुडवलं म्या," म्हणाले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. अण्णासाहेब उठून त्यांच्याजवळ गेले आणि पाठीवर हात ठेवला. अण्णासाहेब म्हणजे बैठक चालवणारे. निवृत्त हेडमास्तर. स्वतः पंधरा वर्षं प्यायलेले आणि सुटलेले.

मग मी उठलो. नाव, वस्ती सांगितली. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो म्हणालो. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली म्हणालो. पुढचं जुळवत होतो, तेवढ्यात पाटील डोळे पुसता पुसता म्हणाले,

"तुमच्यात तर चालतंच की रे. तुला काय एवढं?"

मध्ये बोलायचं नाही या नियमाची त्यांना कुणी आठवण करून दिली नाही. दोघं-तिघं हसले. दुष्टपणानं नाही हसले, सहज हसले. अण्णासाहेब म्हणाले, "बरं, बैस. तू येत जा." पाटलांना ‘तुम्ही’. मला ‘तू’. माझं वय तेव्हा पस्तीस आणि पाटील माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान.

त्यांची दारू म्हणजे आजार. माझी दारू म्हणजे जात. हे आज लिहिता येतं. त्या दिवशी नुसते कान गरम झाले. मी खाली बसलो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.

जावंच लागणार होतं, त्याचं कारण सांगतो. बदनापूरला स्टेशनाच्या पलीकडे आमची वस्ती. वस्तीत विहार. विहार म्हणजे चार भिंती, वर पत्रे, आत बुद्धाची मूर्ती, बाहेर दगडी ओटा. माझा आवाज चांगला, म्हणून वंदना मी घ्यायचो. एकेक ओळ मी म्हणायची, मागून सगळ्या वस्तीनं. पाच शीलं. त्यातलं पाचवं नशेचं. दारू घेणार नाही, कसलीच नशा करणार नाही. हे मी वर्षानुवर्षं लोकांकडून म्हणवून घेतलं, आणि म्हणताना तोंड मूर्तीकडे ठेवलं, म्हणजे वास मागं जाऊ नये. बुद्धाला वास आला तर चालेल, शेजाऱ्याला यायला नको. असा माझा धम्म.

सकाळच्या गाडीनं जालन्याला जायचो. दिवसभर कापसाचा धुराळा. नाकात, कानात, घशात. आम्ही हमाल एकमेकांना सांगायचो, हा धुराळा पाण्यानं उतरत नाही, दारूनंच उतरतो. साफ खोटं. पण एखादं खोटं दहा जणांनी मिळून रोज म्हटलं की ते औषधासारखं लागू पडतं. आधी संध्याकाळी प्यायचो. मग दुपारच्या सुट्टीत. मग गाडीत बसण्याआधी.

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी वस्तीतल्या एका पोरीचं लग्न होतं. विहारापुढचा मांडव भरलेला. नवरा-नवरी उभे. मी वंदना घ्यायला पुढं झालो. सकाळपासून घेतलेली होती. चार शीलं नीट म्हटली. पाचव्याला जीभ उचलेना. विसरलो नव्हतो. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं. पण त्या दिवशी ते तोंडातून निघेचना. मग मी काय केलं? पाचवं गाळलं आणि सरळ पुढच्या ओळीवर गेलो. मला वाटलं, लग्नाच्या गडबडीत कोण मोजतंय.

पुढची ओळ मांडवात कुणी म्हटलीच नाही. मागून गयाबाई उठली. वस्तीतली सगळ्यात म्हातारी, डोळ्यांनी अधू. काठीवर भार देऊन उभी राहिली आणि आपल्या फाटक्या आवाजात पाचवं शील तिनं म्हटलं. एकटीनं. मग सगळा मांडव तिच्या मागून म्हणाला. मी तोंड मिटून मूर्तीकडे बघत राहिलो. मान वळवायची हिंमत नव्हती.

त्या दिवशी सुमन, माझी बायको, भांडली नाही. एरवी भांडायची. मी हात उचलायचो. हेही लिहिलंच पाहिजे. त्या दिवशी तिनं नुसतं गाठोडं बांधलं आणि लेकीचं बोट धरलं.

"चालली कुठं?"

"केदारखेड्याला. ज्या दिशी पाचवं बराबर म्हणताल, त्या दिशी बलवा."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. लेकीनं पाहिलं.

बैठकीचा पत्ता मला रघुनाथनं दिला. रघुनाथ शिंपी. मस्तगडात त्याच कापडदुकानाच्या पायरीवर मशीन टाकून बसायचा. सदरा शिवायला टाकला होता, तो घ्यायला गेलो. सदरा हातात घेतला तर हातातच फडफडायला लागला. वारा नव्हता. रघुनाथनं मशीनवरून मान वर केली.

"हात कवापासून असे करून राह्यले?"

"थंडी वाजून राह्यली."

"चैत्रात?" तो हसला नाही. स्वतःचे दोन्ही हात त्यानं माझ्यापुढं धरले. स्थिर. "माहे बी असेच व्हते. वरीसभर मशीन बंद. रविवारी वर ये. समदे आपल्यासारखेच हायेत."

‘आपल्यासारखेच’. हा शब्द मला ओढून घेऊन गेला. माझं चुकलं ते इथं. तो म्हणत होता दारुडे, आणि मी ऐकलं माणसं.

रघुनाथनं मला आणखी एक गोष्ट दिली. एक सुई आणि काळ्या दोऱ्याचं रीळ. "प्यावं वाटलं की सुईत दोरा ओवायचा. ओवेपर्यंत प्यायचं न्हाई." पहिल्या आठवड्यात दोरा सुईच्या जवळपास फिरकत नसे. घामानं बोटं निसरडी व्हायची, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. नवव्या दिवशी मी सुई फेकली आणि प्यायलो. दहाव्या दिवशी गुडघ्यावर बसून जमिनीवरची धूळ चाळत ती सुई शोधली. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

कारण मोजणी होती. चाळीस दिवसांची. आणि चाळिसाव्या दिवशी पाणी.

ही रीत अण्णासाहेबांनीच घातली होती. चाळीस दिवस थेंबही न घेतलेल्या माणसानं आपल्या घरचं पाणी, आपल्या घरच्या भांड्यातून, आपल्या हातानं सगळ्यांना द्यायचं. अण्णासाहेब समजावून सांगायचे, "ज्या हातानं विष उचललं, त्याच हातानं पाणी द्यायचं. सगळ्यांनी ते प्यालं की माणूस सुटला. एकानं जरी नाही प्यालं, तर समजा अजून सुटायचाय." ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. शाळेतल्या कुठल्याच मास्तरानं मला इतकं चांगलं काही सांगितलं नव्हतं.

माझी मोजणी पुन्हा सुरू झाल्यामुळे पाटलांचा चाळिसावा दिवस आधी आला. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी पितळी घागरीत आलं. गडी घेऊन आला होता, पण वाढायला पाटील स्वतः उठले. चकचकीत पेले. एकेकाला भरून देत ते दाराकडे आले. माझ्यापुढं थांबले. हातात पेला नव्हता.

"ओंजळ कर," म्हणाले.

मी केली. त्यांनी वरून धार सोडली. मी प्यायलो. हनुवटीवरून पाणी सदऱ्यात गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पाटील सुटले म्हणून. मीही वाजवल्या, ओल्या हातांनी. पेले कमी पडले असतील, असं मी मनाला सांगितलं. कोपऱ्यात तीन पेले उपडे होते. मी ते मोजले होते, आणि तरी मनाला तेच सांगितलं.

मूर्ख होतो का? नव्हतो. तहानलेला होतो.

ओंजळ माझ्या ओळखीची होती. माझा बाप गावच्या पाटलाच्या दारात हलगी वाजवायचा. लग्न असो, जत्रा असो, बैलपोळा असो. वाजवून झालं की वाड्याच्या पायरीखाली उभं राहून ओंजळ धरायची. पाटलाचा माणूस वरून दारू ओतायचा. शिधा नंतर, आधी दारू. मी पाच-सहा वर्षांचा असेन, बापाच्या धोतराला धरून उभा. बाप ओंजळीत तोंड घालायचा आणि वरून कुणीतरी म्हणायचं, "सांडू नको रे, महाग हाय." वस्तीनं धम्म घेतला त्या वर्षी बापानं हलगी चुलीत घातली. पाटलाचा निरोप आला तर म्हणाला, "हात मोडले म्हणावं." मरेपर्यंत त्यानं पुन्हा ओंजळ धरली नाही. पाणी प्यायला नदीवर गेला तरी वाटी घेऊन जायचा.

आणि मी, त्याचा पोरगा, मस्तगडच्या माडीवर ओंजळ धरून टाळ्या वाजवत होतो.

माझा चाळिसावा दिवस रविवारीच आला. मी सुमनला चिठ्ठी पाठवली. एकच ओळ. ‘रविवारी पाणी देतोय, ये.’ ती शनिवारीच एस.टी.नं आली, लेकीला तिच्या आजीजवळ ठेवून. आल्या आल्या घरातली तांब्याची कळशी काढली. लग्नातली. आतून हिरवी पडलेली. चिंच आणि राख घेऊन दारात बसली आणि दोन तास घासली. कळशीत दाराची चौकट दिसायला लागली तेव्हा थांबली.

"किती माणसं हायेत?"

"दहा-बारा."

"पुरंल."

रविवारी वस्तीच्या आडाचं पाणी फडक्यानं गाळून भरलं. कळशीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं. गाडीत सुमननं कळशी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसली. मी समोर. सुईत दोरा ओवून पाहिला. एका झटक्यात गेला. सुमननं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे ओठ हलत होते. आपण हसतोय हे मला कळू नये असं तिला वाटत होतं.

दुकानाच्या जिन्यापाशी अण्णासाहेब उभे होते. वर नाही, खाली. वाट बघत.

"आलास? बरं झालं. हे बघ, आज पाणी नको."

मला वाटलं मी दिवस चुकवला. "अण्णासाहेब, चाळीस पुरे झाले. आजच."

"झाले ना, झाले. कौतुकच आहे तुझं. पण आज एकादशी आहे, मंडळींचे उपवास आहेत."

सुमन माझ्या मागं उभी होती, कळशी कमरेवर. ती म्हणाली, "एकादशीला पाणी बी चालत न्हाई का?"

अण्णासाहेब तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. वरून पाटील जिन्यात आले. त्यांच्या मागं दुकानाचे शेठ, त्यांच्या मागं रघुनाथ. जिना अरुंद, सगळे एकामागं एक वरच्या पायऱ्यांवर, आम्ही दोघं खाली.

शेठ म्हणाले, "माझी जागा आहे, खाली दुकान आहे. दहा गिऱ्हाइकं येतात-जातात. समजून घे."

पाटील म्हणाले, "माहं कायबी न्हाई बाबा. पण घरी बाया ऐकत न्हाईत. पेढे आणलेत आम्हीच, दुकानातले. बंद पुडा हाय. तू नुसता हात लावल्यावानी कर, मी वाटतो. झालं तुहं बी."

हात लावल्यासारखं. मी माझ्या हाताकडे पाहिलं. चाळीस दिवस. मुंग्या, घाम, सुई, दोरा.

"अण्णासाहेब, तुम्हीच सांगितलं, ज्या हातानं विष उचललं त्याच हातानं पाणी. माह्या हाताला अजून काय लागलं हाय?"

"हाताचा प्रश्न नाही रे."

"मंग कशाचा?"

मी रघुनाथकडे पाहिलं. ‘समदे आपल्यासारखेच’ म्हणणारा रघुनाथ. तो जिन्याच्या कठड्याला लागलेला एक दोरा नखानं काढत होता. निघत नव्हता तो दोरा. काढतच राहिला.

सुमननं कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. "चला," म्हणाली. "ह्यांची तहान भागलेली दिसती."

आम्ही निघालो. ती पुढं, मी मागं. डोक्यात अण्णासाहेबांचंच वाक्य. एकानं जरी नाही प्यालं, तर अजून सुटायचाय. इथं एकानंही प्यालं नव्हतं. म्हणजे मी सुटलेलो नाही. म्हणजे चाळीस दिवस फुकट. मग कशाला हा जीव जाळायचा? मला खरंच असं वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. नुसतं रिकामं वाटत होतं, आणि त्या रिकाम्या जागेत काय भरायचं हे मला नीट माहीत होतं.

स्टेशनच्या वाटेवर दारूचा गुत्ता होता. माझा जुना. पाय आपोआप वळले. सुमन थांबली. रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

"मी हाक मारणार न्हाई," म्हणाली. "जायचं तर जा. मी हितून तशीच गाडीला जाते."

आत गेलो. गुत्तेवाला खूश झाला. "आरं, कुठं गायब झाल्ता? बस, जल्दी बस." बाकावर तिघं होते. एक तोंडओळखीचा शेतकरी, फेटा बांधलेला, पाटलांच्याच जातीचा, पाटलांच्याच शिवेचा. त्यानं आपला गिलास संपवला, उपरण्यानं काठ पुसला आणि तोच गिलास भरून माझ्यापुढं सरकवला. "घे. आज माह्याकडून." त्याच्या ओठाचा गिलास. ना वरून धार, ना ओंजळ. माझ्यासाठी सरकून जागा केली त्यानं. मांडीला मांडी.

मी गिलास उचलला. हात थरथरत नव्हता. त्याचंच मला नवल वाटलं. नाकाशी वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला लिहू?

मग मी त्या माणसाला विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"दादा, माह्या घरचं पाणी हाय बाहेर. कळशीभर. पिता का घोटभर?"

तो आधी हसला. मग मी हसत नाही हे त्याला दिसलं. तो वाईट माणूस नव्हता. प्यायलेला होता, म्हणून खरं बोलला.

"दारूत कोण जात बघतंय, बाबा? पाण्यात बघावी लागती."

तेवढंच. त्याला वाटलं त्यानं माझी समजूत घातली. आणि त्यानं खरंच घातली. पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं इतकं सरळ त्यानं सांगितलं. मला मारणाऱ्या गिलासाला विटाळ नव्हता. तो कुणीही मला द्यायला तयार. गावचा पाटील पायरीवरून द्यायला तयार, हा शेतकरी उष्टा द्यायला तयार. मी जगावं असं ज्यात आहे, तेवढंच माझ्या हातातून कुणाला चालत नव्हतं. आणि मी माझी सुटका ठेवली होती कुठं? ह्याच लोकांच्या घशात. ते गिळतील तेव्हा मी सुटेन.

आता राग आला. चांगला, पोटातून आला. अण्णासाहेबांचा आला, रघुनाथच्या त्या दोऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा मला आला, टाळ्या वाजवणाऱ्याचा.

गिलास मी बाकावर ठेवला. सांडला नाही. महाग आहे, मला ठाऊक होतं. बाहेर आलो. सुमन लिंबाखालीच होती. तिनं जवळ येऊन माझं तोंड हुंगलं, भर रस्त्यात. मग कळशीवरचं फडकं सोडलं. पेला नव्हता आमच्याकडे. मी सवयीनं ओंजळ पुढं केली.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. आणि कळशीच माझ्या तोंडाला लावली.

त्याच संध्याकाळी वस्तीत आल्यावर मी विहारात वंदना घेतली. आठ महिन्यांनी. या वेळी तोंड लोकांकडे करून. पाचवं शील म्हणताना आवाज फुटला, पण म्हटलं. गयाबाई पुढंच बसली होती. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, "वास घेऊ दे आधी." घेतला. मग प्यायली. सुमन दारात उभी होती, ती वस्तीत राहिली. पण मी बदललो म्हणून राहते असं ती म्हणाली नाही. "बघते," एवढंच म्हणाली. अजून बघतेच आहे. तिचा हक्क आहे तो.

पुढच्या रविवारी चार वाजता मी विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकली. वस्तीतले पाच जण आले. सहावा ओट्याखाली उभा राहून ऐकत होता, त्याला वर घेतलं. आमच्याकडेही माणूस उठतो आणि आपली दारू सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, खरंच बोलत नाही. एक रीत मात्र मी फिरवली. आमच्याकडे पाणी द्यायला चाळीस दिवस लागत नाहीत. जो आज पहिल्यांदा आला, हात थरथरत आला, तोच आज सगळ्यांना पाणी देतो. अर्धं सांडतं. उरलेलं आम्ही पितो. माणूस आधी, सुटका मागून.

सगळे टिकले असं नाही. एक जण कावीळ होऊन गेला. दोघं परत गुत्त्यावर गेले. त्यांच्या दारात मी जातो, शिव्या खातो, परत जातो.

चार-पाच महिन्यांनी रघुनाथ आला. आठवड्यातला मधलाच वार, दिवस कलला होता. मी ओट्यावर बसलो होतो. तो सायकल धरून उभा राहिला, बसला नाही.

"अण्णासाहेबांचा निरोप हाय. बैठकीचा वार्षिक कार्यक्रम हाय. तुहा सत्कार करायचा म्हणतेत. नारळ, हार. दोन शब्द बोल म्हणले, तुह्या समाजाला उदाहरण व्हईल."

"येतो म्हणावं. कळशी घेऊन येतो. आधी पाणी, मंग हार."

रघुनाथनं मान हलवली. हे उत्तर त्याला अपेक्षितच असावं. तरी तो गेला नाही. सायकलची घंटी उगाच अंगठ्यानं चोळत राहिला. मग हळूच म्हणाला,

"त्या दिसापासून मला झोप न्हाई. तुही कळशी दिसती. हात परत हालायला लागलेत माहे." त्यानं हात दाखवले. खरंच हलत होते. "एक पेला दे मला. पन हितं न्हाई. घराच्या मागं चल. आन् कुणाला सांगू नको."

या माणसानं मला सुई दिली होती. त्याच्याशिवाय मी नवव्या दिवशीच संपलो असतो. कळशी माझ्या हाताशी होती. मला उठायचं होतं, घराच्या मागं जायचं होतं, त्याला पाणी द्यायचं होतं.

"रघुदादा, लपून प्यायची ती दारू. हे पाणी हाय. हितंच प्यावं लागंल, ह्या ओट्यावर, समद्यांसमोर."

"मला दोन पोरी उजवायच्या हायेत रे. जातवाले काय म्हणतील?"

"मला बी एक पोरगी हाय."

त्यानं सायकल वळवली आणि तो गेला. न पिता गेला. मला वाईट वाटलं. फार वाटलं. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. पण हाक मारली नाही. तो परत पिऊ लागला असं मागून कानावर आलं, तेव्हा मस्तगडात जाऊन त्याच्या मशीनसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "रविवारी ये." त्यानं मान वर केली नाही. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. पुन्हा जाईन. त्याच्यासाठी शंभर खेपा घालीन. पण घराच्या मागं जाणार नाही.

त्याची सुई अजून माझ्या खिशात आहे. माझ्या हातचं पाणी कुणी प्यायलं म्हणजे मी सुटलो, आणि नाही प्यायलं म्हणजे अडकलो, हा हिशोब मी त्या लिंबाखाली मोडला. आता ओंजळ धरणार नाही. दारूसाठी नाही, पाण्यासाठी नाही, सत्काराच्या नारळासाठी तर मुळीच नाही. दर रविवारी कळशी ओट्याच्या मधोमध असते, फडकं काढलेलं असतं. ज्याला प्यायचं असेल त्यानं चार वाजता यावं, उजेडात यावं, आणि माझ्याकडे बघून प्यावं.